शिवता येत असेल तरच यावे

विकायला काढलेली वस्तू विकली जाऊ नये म्हणून जिवाचं रान करणारा विक्रेता उभ्या पुण्यात एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही भाचरं त्यांना आतोबा म्हणतो, तेही बेताच्या आवाजात. जरा मोठ्यानं हाक गेली तर "ऐकू येतं मला" असं उत्तर येतं. एका सरकारी कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर अर्ज यायचे थांबले, पण चुका काढायची उमेद तशीच राहिली. घरात आत्या एकटीच, आणि तिच्या चुका काढायचा नाद त्यांना लग्नानंतर पहिल्या महिन्यातच सोडावा लागला होता. अशा रिकामपणात त्यांच्या हाती मोबाइल आला, मोबाइलमध्ये जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचं ॲप आलं, आणि कोथरूडच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कचेरी पुन्हा सुरू झाली.

आतोबांच्या जाहिराती वाचून गिऱ्हाईक आलंच तर ते एकतर फार गरजू असे किंवा फार चिवट. "टेबल फॅन. चालतो. आवाज येतो, तो पहिल्यापासून येतो. मान डावीकडे वळते, उजवीकडे वळत नाही." पुढची जाहिरात, "इस्त्री. जड आहे. हलकी हवी असल्यास दुसरीकडे पाहावे." कुणी नुसतं "लास्ट प्राइस?" असं विचारलं की आतोबा लिहीत, "नमस्कार. आपले नाव कळले नाही." समोरचा गप्प झाला की दोन दिवसांनी पुन्हा, "आपल्या उत्तराची वाट पाहत आहे." तो टेबल फॅन शेवटी एका कॉलेजच्या पोरानं नेला. पंधरवड्यानंतर आतोबा त्याच्या खोलीवर जाऊन थडकले. फॅन खिडकीकडे तोंड करून ठेवलेला पाहून त्यांनी आधी फॅन हलवला, मग त्या पोराची कॉट हलवली, आणि कपाट हलवायला मात्र उद्या येतो असं सांगून घरी आले. लेक दिलेल्या घरी बाप जसा उगाच चक्कर टाकतो तसं त्यांचं प्रत्येक विकलेल्या वस्तूच्या बाबतीत असे.

त्यांची मुख्य तक्रार अशी की जुन्या वस्तूंच्या या बाजारात जुनं काही मिळतच नाही. पितळी तांब्या शोधावा तर पितळी रंगाचे तांबे ढिगानं दिसतात, सगळ्यांचा फोटो एकच, आणि खाली लिहिलेलं असतं "जुना, घरगुती वापरातला". एकदा माझ्यादेखत त्यांनी अशा एका तांब्याच्या मालकाला फोन लावला. "हा तांब्या आपण किती वर्षं वापरलात?" पलीकडून कुणीतरी म्हणालं, "अंकल, एकदम नया है, पॅक पीस. कितने पीस चाहिए?" आतोबा म्हणाले, "नवा आहे तर जुन्यात का टाकलात?" "सब इधरही डालते हैं, अंकल." आतोबांनी फोन ठेवला. जुन्याच्या रांगेत नव्यानं घुसावं, आणि तेही असल्या नव्यानं, हे त्यांना रांग मोडून पुढे जाणाऱ्या माणसाइतकं लागलं होतं. दोरी ओढून भाजी चिरायचा एक डबाही त्यांनी याच ॲपवरून मागवला होता. पहिल्याच कोबीला दोरी तुटली. आत्यानं विळी पुढे ओढली आणि उरलेला कोबी चिरून टाकला.

हे सगळे उद्योग चालत दुपारी. वास्तविक दुपार ही आतोबांच्या झोपेची वेळ, आणि त्या झोपेच्या कथा आमच्या घरात लहान मुलांनासुद्धा पाठ आहेत. आत्याकडे शिलाईचं पायमशीन होतं. काळं, ओतीव लोखंडाच्या स्टँडचं, लग्नानंतर लगेच घेतलेलं. तिनं त्यावर आम्हा सगळ्यांची झबली शिवली, दुपटी शिवली, शेजारपाजारचे ब्लाउज तर किती शिवले असतील ते तिलाही सांगता यायचं नाही. मशीन आतोबांच्या दिवाणाला खेटून असे. जेवणं झाली की आतोबा आडवे होत आणि आत्या मशीनवर बसे. त्या धडधडीत आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे, पण आतोबा गाढ झोपत. दारावरची बेल त्यांना उठवू शकत नसे. मशीन थांबलं की मात्र ते डोळे मिटूनच विचारत, "काय झालं?" आत्या म्हणे, "काही नाही. दोरा संपला." मग धडधड पुन्हा सुरू होई आणि घोरणंही. दोन वर्षांपूर्वी आत्याचे गुडघे गेले, मशीनवर कापड पडलं, आणि तेव्हापासूनच आतोबांना दुपारी झोप येईनाशी झाली. डॉक्टरांनी दोष वयाला दिला, आत्यानं मोबाइलला, मी चहाला. आतोबा कुणालाच दोष न देता दिवाणावर बसून जगभरच्या हलक्या मालाची झडती घेत राहिले.

तशात त्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली. नवी इमारत होईपर्यंत धायरीत भाड्याची जागा ठरली, आणि ती इतकी लहान की दिवाण आत गेला की माणसांनी बाहेर उभं राहायचं. आत्यानं एका संध्याकाळी जाहीर केलं, "मशीन काढायचं. माझे गुडघे गेले, आता ते ठेवून काय त्याला हळदकुंकू वाहू? महिनाअखेरीला टेम्पो येणार आहे. तोवर कुणी नेलं तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला बोलावते." आत्याचा शब्द त्या घरात शेवटचा असतो. आतोबांनी चष्मा पुसला आणि जाहिरात लिहिली, "शिलाईचे पायमशीन. एका हातचे. शिवते. स्टँड वेगळे मिळणार नाही. शिवता येत असेल तरच यावे."

जाहिरात टाकली आणि ती हरवली. ॲपवर शिलाई मशीन शोधलं की मुठीत मावतील अशी पांढरी-जांभळी प्लॅस्टिकची यंत्रं रांगेनं येत, "जुनं, फारसं न वापरलेलं", प्रत्येक फोटोत रंगवलेल्या नखांचा तोच हात. अंगठा दुखेपर्यंत पडदा सरकवला की कुठेतरी तळाशी आत्याचं काळं मशीन दिसे, आणि तेही उद्या आणखी खाली गेलेलं असे. मी म्हटलं, "आतोबा, वर 'अर्जंट सेल' असं टाकू या." ते म्हणाले, "घाई आपल्याला आहे, मशीनला नाही." शत्रू एकदा जवळून पाहावा म्हणून त्यांनी त्यातलं एक यंत्र मागवलंही. आत्याचा जुना पंचा त्याच्या तोंडी दिला. त्यानं वीतभर टीप घातली, मग उड्या मारत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं आणि खाली पडलं. आत्या म्हणाली, "शिवायला सांगितलं म्हणून जीव दिला बिचाऱ्यानं."

तळापर्यंत पोचून फोन करणारे जे थोडे निघाले, त्यांना शिवायचंच नव्हतं. एका बाईंना त्यावर कुंड्या ठेवायच्या होत्या. एक दाढीवाला तरुण आला, नवीन कॅफे काढत होता, आणि मशीनभोवती फिरून खूश झाला. "काका, मस्त पीस आहे. वरचं मशीन तुम्हीच ठेवा, मला फक्त स्टँड पाहिजे. वॉशरूममध्ये त्याच्यावर बेसिन बसवणार." आतोबांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे पायडल मारलं की पाणी येणार?" "नाही, नाही, पायडल नुसतं शोला." "आपण चहा घेता?" "हो, चालेल ना." "मग तो घ्या आणि निघा." मुलानं खरोखरच चहा घेतला, छान होता म्हणाला आणि गेला. मी मात्र वैतागलो होतो. टेम्पोचा दिवस जवळ येत होता, घरभर खोकी बांधून तयार होती, आणि आलेल्या प्रत्येक माणसाला हे गृहस्थ वाटेला लावत होते. असंच चाललं तर ते मशीन भंगारात जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. माझं पहिलं झबलं त्यावरचं. पण भंगारवाल्याचा विषय आत्यानंही परत काढला नव्हता.

टेम्पोच्या आदल्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई होती, खांद्याला कापडी पिशवी. "काका, मी नसीम. विश्रांतवाडीहून आले. मशीन आहे ना अजून?" ती घरी ब्लाउज आणि शाळेचे युनिफॉर्म शिवायची. तिचं जुनं मशीन मोडलं, म्हणून तिनं ॲपवरून ते पांढरं-जांभळं यंत्र घेतलं होतं, आणि ते पहिल्याच अस्तराला बंद पडलं होतं. आतोबांनी विचारलं, "आमची जाहिरात सापडली कशी?" ती म्हणाली, "सगळं खाली खाली बघत गेले. बाकी सगळीकडे एकच मजकूर. तुमचं वाचलं आणि वाटलं, हे कुणीतरी खरंच लिहिलंय." आतोबा सुखावले, पण परीक्षा सोडायला तयार नव्हते. त्यांनी खोकं फोडून एक विरलेली चादर काढली, तिच्या हाती दिली आणि स्वतः दिवाणावर मांडी घालून बसले. "चारही बाजूंनी दुमडून टीप घाला. सावकाश. मी बघतोय."

नसीमनं मशीनवरचं कापड काढलं, पिशवीतून तेलाची बुधली काढून दोन-तीन ठिकाणी थेंब सोडले, चपला काढून अनवाणी पायांनी पायडल चाचपलं आणि तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणून चाक फिरवलं. आधी कुरकुर झाली, मग धडधड सुरू झाली. दोन वर्षांनी तो आवाज त्या घरात ऐकला आणि आत्या कुठल्याशा निमित्तानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चादरीची एक बाजू झाली. दुसरी निम्मी झाली. मी आतोबांकडे पाहिलं तर परीक्षक भिंतीला डोकं टेकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन चक्क घोरत होते. डॉक्टर, आत्या आणि मी, तिघांचंही निदान चुकलं होतं. नसीमच्या ते लक्षात आलं. ती संकोचून थांबू लागली तशी आत्यानं हातानंच खूण केली आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "थांबू नकोस गं. थांबलीस की उठतील. तू पास झालीस." चादर कधीच शिवून झाली, तरी त्या दोघींनी मिळून खोक्यांतले पडदे काढले, उशांचे अभ्रे काढले, आणि दुपार कलेपर्यंत त्या घरात नको असलेलं बरंच काही शिवून निघालं.

दुसऱ्या दिवशी सामानाचा टेम्पो धायरीला गेला आणि नसीमच्या नवऱ्यानं आणलेला रिक्षा-टेम्पो मशीन घेऊन विश्रांतवाडीला. आतोबांनी मशीनला दोरी बांधताना इतक्या सूचना दिल्या की शेवटी आत्यानं त्यांना वर बोलावून घेतलं. एरवीच्या रिवाजाप्रमाणे पंधरवड्यानं त्यांनी जाऊन धडकायला हवं होतं. पण धायरीहून विश्रांतवाडी म्हणजे पुण्याचं एक टोक सोडून दुसरं टोक गाठणं, आणि आत्याला एकटं टाकून ते जाईनात. त्यांनी फोन केला. तेल घातलं का, पट्टा सैल झाला नाही ना, असं विचारू लागले. नसीमचे दोन्ही हात गुंतलेले, तिनं फोन मशीनशेजारी ठेवला आणि "बोला काका" म्हणून शिवत राहिली. थोड्या वेळानं काकांचे प्रश्न थांबले.

मागच्या आठवड्यात मी दुपारचा धायरीला गेलो होतो. आत्यानं ओठांवर बोट ठेवून मला आत घेतलं. दिवाणावर आतोबा झोपले होते, उशीजवळ मोबाइल, आणि मोबाइलमधून ती ओळखीची धडधड येत होती. जरा बारीक, जरा लांबून, पण तीच. हा रोजचा बेत आहे म्हणे. जुन्या वस्तूंचं ॲप त्यांनी काढून टाकलंय, दुपारी वेळ होत नाही म्हणतात. आत्या खाली पाय सोडून खुर्चीवर मेथी निवडत होती, मी तिच्यासमोर बसलो. मीही दोन काड्या निवडायला घेतल्या. तेवढ्यात धडधड थांबली. आतोबांनी डोळे न उघडता विचारलं, "काय झालं?"

"काही नाही, काका," मोबाइल म्हणाला. "दोरा संपला."

"मीच सांगून ठेवलंय तिला," आत्या हळूच म्हणाली. विश्रांतवाडीत मशीन पुन्हा सुरू झालं, आणि घोरणंही. आत्या मान खाली घालून मेथी निवडत राहिली. फरशीवर तिची दोन्ही पावलं मात्र त्या आवाजाबरोबर खालीवर होत होती.