चौकटीत राहिलेली ओळ

वडिलांच्या वर्षश्राद्धाची पत्रं त्यांच्याच ट्रेडलवर, पायाने चालवायच्या छपाई मशीनवर छापायची, असा आईचा हट्ट होता. “कासा गावच्या दुकानातलं गुळगुळीत पत्र त्यांनी हातातसुद्धा धरलं नसतं,” ती म्हणाली.

डहाणूतला आमचा छापखाना ते गेल्यापासून बंद होता. ट्रेडल गंजून बसलेलं. मी शाळेत मराठी शिकवते. गंजापुढे माझं काय चालणार? शेवटी बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी रॉकेल पाजून, ग्रीस चोपडून मशीन सोडवलं आणि नारळ मागितला.

“अजून वर्ष सरलं नाही,” आई म्हणाली.

“वहिनी, दुखवटा तुम्हाला. मशीनला कसला? मी नारळाशिवाय होडी पाण्यात ढकलत नाय.”

नारळ फुटला.

अक्षरांचे खिळे मी जुळवले. मजकूर छोटा आणि लोखंडी चौकट मोठी, त्यामुळे काही केल्या आवळेना. चौकटीच्या तळाशी वडिलांनी दोऱ्याने बांधून ठेवलेली एक ओळ होती. लग्नपत्रिकेच्या शेवटी घरातल्या लहान मुलांच्या तोंडी घालतात ती: ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ दर लग्नसराईत लागायची, म्हणून ती कायम तयार असे. त्यांच्या हातची गाठ माझ्याने सोडवेना. ओळ तशीच ठेवली, आणि ती पत्रावर उमटू नये म्हणून मध्ये कागदाची पट्टी ताणून लावली.

पहिलं पत्र सुरेख निघालं. आईने ते फोटोपुढे ठेवलं. काका मग भरती गाठायची असल्यासारखे पाय मारू लागले. पट्टी कधी फाटली ते दोघांनाही कळलं नाही. ओली पत्रं मी न वाचताच दोरीवर टांगली, शेजारच्या मावशींच्या बोंबलांसारखी. वाळल्यावर घड्या घालून जीपने तलासरी-उधव्याकडच्या नातेवाइकांना रवाना केली.

दुसऱ्या दिवशी मावशी पत्र घेऊन आल्या. “कुठल्या मामाचं लगीन काढलंस गं?”

आईने ते फोटोपुढच्या पत्राशेजारी धरून पाहिलं. मग एवढंच म्हणाली, “थट्टा समजतील लोक. आता कोण येतंय?”

श्राद्धाच्या सकाळी पहिल्याच जीपने वडिलांचा भाचा उतरला. उधव्याचा, स्वतःच आता आजोबा झालेला. पत्र खिशातच होतं.

“मामी,” तो म्हणाला, “मामाच्या लग्नाला मी जन्मलोच नव्हतो. आत्ता कुठे बोलावणं आलं. कसं चुकवणार?”

आईने पदर तोंडाला लावला. रडतेय असं वाटून मी पुढे झाले, तर ती हसत होती. जीपमधून अजून माणसं उतरतच होती.