जाऊबाईंचा डावा पाय

माझ्या थोरल्या जाऊबाई हॉस्पिटलच्या लाँड्रीत वाफेच्या प्रेसवर आहेत. बावीस वर्षं झाली. चादर पसरायची, डाव्या पायाने पेडल दाबायचं, वाफ सुटेपर्यंत तसंच दाबून धरायचं, की पुढची चादर. घरी येतात तेव्हा पार पिळून निघालेल्या असतात. चहासुद्धा उभ्यानेच पितात. बसलं की उठवत नाही म्हणे.

अशा बाईने नाच शिकायला घेतलाय, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण एका रविवारी त्यांच्या खोलीचं दार ढकललं, तर पलंग भिंतीला सरकवलेला, मोबाइल डब्याला टेकवलेला, आणि बाईसाहेब गुडघे वाकवून, पुढे झुकून, जमिनीवर पाय आपटतायत! मोबाइलवरच्या व्हिडिओत ढोल वाजत होते आणि त्यांची लेक, माझी पुतणी, नवशिक्यांना आफ्रिकी ढंगाचा नाच शिकवत होती.

हो, तीच लेक. "नाचून पोट भरणार आहे का?" म्हणून या तिला घालूनपाडून बोलल्या आणि ती घर सोडून गेली. दोन वर्षं दोघींत अवाक्षर नाही. मला राग आहे त्याचा, दोघींचाही.

"तिच्याशी बोलायला काहीतरी निमित्त हवं ना," जाऊबाई धापा टाकत म्हणाल्या. "नुसतं 'चुकले' म्हणायला फोन कसा करू?"

नाच मात्र काही केल्या जमेना. डावा पाय खाली गेला की तिथेच रुतून बसायचा. ढोल आपले पुढे निघून जायचे. शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो, तुम्ही वाफ सुटायची वाट बघताय!"

त्या हसल्या, आणि हसता हसता मटकन पलंगावर बसल्या. रडूच आलं त्यांना. "पायसुद्धा माझा राहिला नाही गं," म्हणाल्या.

पुढचे तीन रविवार तीच चूक. चौथ्या रविवारी त्यांनी घाम पुसला नि लेकीला फोन लावला. मी निघाले, तर माझं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "तुझा पहिला धडा करतेय. जमत नाहीये मला."

पलीकडे वाजणारे ढोल एकदम बंद झाले. मला वाटलं, ठेवला फोन.

मग पुतणीचा बारीक आवाज आला. "कॅमेरा लाव, आई. बघू दे."

"आत्ता? गाऊनवर आहे मी!"

"असू दे."

लेकीच्या एकाही कार्यक्रमाला न गेलेली ती बाई मग तशीच, गाऊनवर, तिच्यापुढे नाचायला उभी राहिली.