विमानाला अर्धी प्रदक्षिणा

माझ्या नातींना वाटतं, आजी जन्मतःच शहाणी. म्हणून मी त्यांना मुद्दाम विमानाची गोष्ट सांगते.

साठच्या दशकातली. अमरावतीच्या कॉलेजात मी मुलींच्या हवाई कॅडेट तुकडीची पुढारी होते. हे पुढारीपण कर्तृत्वानं नव्हे, आवाजानं मिळालेलं. चांदूर रेल्वेकडच्या एका खेड्यात श्रमदानाला गेलो, तेव्हा मी नाली कमी खणली अन् ओरडले जास्त. आमच्या तुकडीच्या साहेबांना तेच नेतृत्व वाटलं.

मग एकदा अकोल्याजवळच्या मैदानावर खरं विमान दाखवायला नेलं. साहेब म्हणाले, "एकच फेरी होईल. रांगेत सगळ्यांत पुढे असेल ती बसेल. दार पलीकडच्या बाजूला आहे. नाकावरच्या पंख्यासमोरून कुणी जायचं नाही, शेपटीकडून वळसा घालून या." अन् ते पलीकडे जाऊन उभे राहिले.

पुढे मीच होते. बसल्यातच जमा! स्वप्नातसुद्धा मी महिनाभर उडतच होते.

पण घोटाळा असा, की आमच्यातल्या कुणीतरी विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावून टाकलं होतं. झाला ना तो देव! मी भिक्षुकाची मुलगी. देवाभोवती फिरायचं ते त्याला उजव्या हाताला ठेवूनच. शेपटीकडून गेलं तर तो येतो डाव्या हाताला. अशा उलट्या फेरीनंतर आभाळात जायचं? मी जागच्या जागी थिजले.

मागची मुलगी अंजनगावकडच्या शेतकऱ्याची. "काय वं, थांबली काहून?"

"शेपटीकडून गेलं तर देव डावीकडे येतो."

"मंग समोरून चाल."

"समोर पंखा आहे."

"मंग घरी चाल!"

काय करावं सुचेना. साहेबांचं ऐकावं की बाबांचं? तेवढ्यात डोक्यात उजेड पडला, म्हणजे तेव्हा मला तो उजेड वाटला. महादेवाला कुठे पूर्ण प्रदक्षिणा असते? त्याच्या पाण्याची वाट ओलांडायची नाही. तिथवर जायचं अन् उलट पावली फिरायचं. पंखा म्हणजे तीच वाट! शास्त्रही राहील, हुकूमही राहील. माझी अक्कल मलाच इतकी आवडली म्हणून सांगू!

मी तुकडी ऐटीत पंख्याच्या अलीकडपर्यंत नेली अन् गरजले, "पीछे मुड!" सगळ्या वळल्या. शेपटीकडून वळसा घालून रांग अगदी सरळ दारापाशी पोचली.

फक्त मी आता सगळ्यांत मागे होते.

साहेब चक्रावले. "ये कौन-सी ड्रिल है?"

"महादेवाची, सर," मी मागून म्हणाले.

दारापाशी पहिली उभी होती आमची शेपूट, सगळ्यांत बुटकी मुलगी. अकोल्यापर्यंत एस.टी.त तिनं नाकाशी लिंबू धरलेलं.

"मले नाही बसाचं, माय!" तिनं माझ्याकडे बोट केलं. "तिले बसवा ना."

"हुकूम म्हणजे हुकूम," साहेब म्हणाले.

चढण्याआधी तिनं मागे धावत येऊन ते लिंबू माझ्या हातात कोंबलं.

विमान उडालं. आमच्या डोक्यावरून त्यानं एक फेरी मारली, तीसुद्धा आम्हाला डाव्या हाताला ठेवून! मी तोंड वासून वर पाहत होते. सॅल्यूट करावा की हात जोडावेत, कळेना. अन् हातात तर लिंबू होतं.