विरुद्धच्या यादीतलं नाव

कानिफनाथ साळी यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे खरा, पण मला त्यांच्याविषयी फार थोडं ठाऊक आहे. त्यांचा जन्म कुठला, हे मी कधी विचारलं नाही. काष्टीकडचे, असं कोणीतरी म्हणे. वय चाळीसच्या पुढे असावं. त्यांच्या घरी मी दोनदाच गेलो, आणि दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ते नव्हते. पत्रं सोडली तर मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. हे कितपत जमेल, सांगता येत नाही. पण त्यांना ओळखणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नसावं.

१९४६ साली मी नगरला एका वकिलांकडे कारकून होतो. नवीनच लागलो होतो, गावात ओळखी नव्हत्या. वकीलसाहेबांकडे मुंबईच्या कायदेमंडळाच्या कामकाजाचे छापील खंड टपालाने येत. इंग्रजीत, विटेएवढे जाड. साहेब ते उघडतसुद्धा नसत. वेष्टण फाडून कपाटात लावणं एवढं माझं काम.

कचेरीच्या मागच्या गल्लीत विणकरांची घरं होती. त्या वेळी सुतावर नियंत्रण होतं. दर मागामागे ठरलेलं सूत कार्डावर मिळायचं, आणि ते महिन्यातले दहा दिवसही पुरायचं नाही. उरलेले दिवस माग बंद. त्या वर्षीच्या निवडणुकीत आमच्या मेंबरसाहेबांनी त्या गल्लीतल्या मारुतीसमोर उभं राहून सांगितलं होतं, ‘कौन्सिलात गेल्यावर माझा पहिला सवाल नगरच्या सुताचा.’ तेव्हा सगळ्यांना मत नसे. कानिफरावांचं घर स्वतःचं होतं म्हणून त्यांना मत होतं, आणि ते त्यांनी मेंबरसाहेबांना दिलं होतं. दिलं ते दिलं, असं त्यांनी सोडून दिलं नाही. आपल्या मताचं पुढे काय झालं, हे त्यांना बघायचं होतं. वकीलसाहेबांकडे कौन्सिलाचं छापील येतं असं कळल्यावर एका रविवारी दुपारी ते कचेरीच्या ओट्यावर येऊन बसले.

“भाऊसाहेब, आपलं मेंबर काय बोललं, तेवढं बघता का?”

मी बघितलं. खंडाच्या शेवटी सभासदांच्या नावांची सूची असे आणि नावापुढे पानांचे आकडे.

“बोललेत. सभापतींचं अभिनंदन केलंय.”

“कशापायी?”

“सभापती झाल्याबद्दल.”

कानिफराव म्हणाले, “बरं केलं. पाव्हन्यानं आधी रामराम घालावा. कामाचं मागून.”

तेव्हापासून दर रविवारी ते यायचे. खंड आलेला असो वा नसो. नसला तर जुनाच काढून मी त्यांना दुसऱ्या कोणाची भाषणं मराठीत सांगायचो. पाटाचं पाणी, दारूबंदी, शाळा. ते मन लावून ऐकत. पुढच्या एका खंडात मेंबरसाहेब पुन्हा सापडले. सभागृहातले पंखे फार वाजतात, भाषणं ऐकू येत नाहीत, अशी त्यांनी तक्रार केली होती.

“म्हंजी ऐकायचं तरी हाय त्याला!” असं म्हणून कानिफराव इतके हसले की त्यांना खोकला आला.

मतांचं कसं चालतं, तेही मी त्यांना समजावून सांगितलं होतं. नुसतं तोंडी ‘होय’ ‘नाही’ झालं तर कोणी काय म्हटलं ते छापत नाहीत. पण कोणी मोजणी मागितली, की सभासद दोन बाजूंना होतात आणि दोन्ही याद्या छापल्या जातात, बाजूने कोण आणि विरुद्ध कोण. मग प्रत्येक यादीला ते विचारायचे, “आपलं कुन्या अंगाला?”

“सरकारच्या.”

“आन् जितलं कोन?”

“सरकार.”

“लई हुशार हाय. हारनाऱ्यात घावतच न्हाई.”

कधी कधी त्यांची बायको, मालनबाई, गल्लीच्या तोंडाशी येऊन ओरडायची, “कौन्सिल उठलं का न्हाई आज? भाकरी पार गार झाली!” कानिफराव धोतर झटकत उठायचे आणि मला म्हणायचे, “चला, आमच्या सभापतीनं घंटी दिली.”

या रविवारांतच मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून ते मागावर बसले होते. “एवढी सुताची कांडी संपू द्या,” म्हणाले, आणि ती संपेपर्यंत वर बघितलं नाही. निळ्या लुगड्याचं हातभर कापड झालं होतं. त्यापुढचं सूत नव्हतं.

सत्तेचाळीसच्या जून महिन्यात ते रविवार सोडून मंगळवारीच आले. हातात पत्र होतं. मालनबाईंचा भाऊ सूर्यभान इचलकरंजीला यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मुकादम होता. त्याने लिहिलं होतं, एक जागा मोकळी आहे, राहायला खोलीही आहे, आठ दिवसांत निघून या, नाहीतर मालक दुसरा माणूस घेईल.

“मालन म्हनती, चला. माझं मन हुईना. तिथं माग आपला नसतोय. यंत्राला राखन बसायचं. पन इथं सूतच मिळनार नसलं, तर बसून तरी काय करू? सरकारच्या खर्चाचं कौन्सिल झालं न्हवं औंदा? त्यात सुताचं निघालं असंल. तेवढं बघून सांगा. निघालं असंल तर ऱ्हातो. न्हाई तर जातो.”

अंदाजपत्रकाच्या त्या अधिवेशनाचा खंड आदल्याच दिवशी आला होता. मी उघडला. सुताचं निघालं होतं. खानदेशाकडच्या एका सभासदाने हातमागांचा वाटा वाढवावा म्हणून कपात सूचना, म्हणजे खर्चात नावापुरती कपात सुचवून तक्रार पुढे आणायची सूचना, मांडली होती आणि चांगला बोलला होता. मग मोजणी झाली आणि सूचना पडली. आमच्या मेंबरसाहेबांनी तोंड उघडलेलं नव्हतं. त्यांचं नाव विरुद्धच्या यादीत होतं, वरून नववं.

कानिफराव माझ्या तोंडाकडे बघत होते.

“निघालं का?”

“निघालंय,” मी म्हटलं.

“आन् आपलं?”

मी म्हटलं, “बाजूने.”

असं मी का म्हटलं, हे मला आज पन्नास वर्षांनीही नीट सांगता येत नाही. त्यांना राहायचं होतं, ते तोंडावर दिसत होतं, आणि मला ‘नाही’ म्हणवलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. तेवढंच नव्हतं. त्या गावात रविवारी माझ्याकडे येणारं दुसरं कोणी नव्हतं.

“कुठं हाय नाव? दावा.”

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी नवव्या नावावर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला करून तिथे आपलं ठेवलं. खळीने कडक झालेलं बोट होतं. बराच वेळ त्यांनी ते तिथून उचललं नाही.

“बगा,” ते म्हणाले, “आपन उगाच हसलो गरीबाला.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूर्यभानला कळवलं की येत नाही.

पुढचं मला तेव्हा माहीत नव्हतं. मालनबाईंनी सांगितलं ते नंतर, मी त्यांच्या घरी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा. विणकरांत असं होतं, की कोणी आपल्या धंद्याचं भलं केलं तर त्याला कापड विणून द्यायचं. त्याचं मोल घ्यायचं नाही, आणि ते मागावरून उतरेपर्यंत दुसरं काही विणायचं नाही. आषाढात मिळालेलं सगळं सूत कानिफरावांनी मेंबरसाहेबांच्या उपरण्याला घातलं. बारीक जरीचा काठ काढला. त्या महिन्यात विकायला एक लुगडंही झालं नाही. मालनबाई भांडल्या. ते म्हणाले, “त्यानं आपल्यापायी सरकारचं अंग सोडलं. सोपं हाय का?”

उपरणं घेऊन ते मेंबरसाहेबांच्या बंगल्यावर गेले. मेंबरसाहेबांनी बसवलं, चहा दिला. काय काम, म्हणून विचारलं. कानिफरावांनी सांगितलं, सुतासाठी तुम्ही मत दिलं म्हणून आलो. मेंबरसाहेबांना आधी कळेचना. मग आठवलं.

“अहो, त्याला मी विरुद्ध मत दिलं. पक्षाचा हुकूम होता, इलाज नव्हता. तुम्हांला कोणी सांगितलं बाजूने म्हणून?”

मेंबरसाहेब त्या दिवशी खरं बोलले. त्यांच्याविषयी वाईट लिहायला माझी लेखणी उचलत नाही, त्याचं कारण हेच.

कानिफरावांनी माझं नाव घेतलं नाही. “कुनी न्हाई, माझीच ऐकन्यात चूक झाली,” म्हणाले. उपरणं मेंबरसाहेबांनी ठेवून घेतलं. कानिफराव घरी आले, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसते बसले. इचलकरंजीची जागा कधीच भरली होती. मालनबाई म्हणाल्या, “त्या कारकुनाला जाऊन इचारते.” तर त्यांनी हात धरला. “त्याला काई बोलू नगंस. लेकरासारखा हाय. लाजंल.”

मला एवढंच दिसत होतं की श्रावणापासून त्यांनी सुताचं विचारणं सोडलं. यायचे मात्र, नेमाने. इतरांची भाषणं ऐकायचे. मला वाटलं, सुटलो. दिवाळीला त्यांनी माग विकला. मला कळलं तेव्हा मी कारण विचारलं नाही, विचारायला हवं होतं. मग ते नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या डोंगरात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. जन्मभर धोटा फेकलेले हात ते. माघात तिथेच तापाने गेले. मालनबाईंना निरोप तिसऱ्या दिवशी मिळाला.

भेटायला गेलो तेव्हा घरात मागाचा खड्डा उघडाच होता. त्याच्या कडेला बसून मालनबाईंनी हे सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडताही आलं नाही. पुढे मालनबाई भावाकडे गेल्या. त्यांची पुन्हा भेट नाही.

आता मी सावेडीला मुलाकडे असतो. रविवारी दुपारी घरातले सगळे झोपतात, तेव्हा मला झोप येत नाही.

अकोल्याला जायच्या आदल्या दिवशी कानिफराव ओट्यावर आले होते. सगळं माहीत असून आले होते, हे आज मला कळतं. मी फायली शिवत होतो. घाईने उठून म्हटलं, “नवा खंड आलाय, कानिफराव. काढू का?”

“ऱ्हाऊ द्या आज. वकीलसाहेब न्हाईत व्हय?”

“श्रीगोंद्याला गेलेत. तारीख आहे.”

“पानी हाय का माठात?”

“आहे. सकाळीच भरलंय.”

त्यांनी पाणी प्यायलं, तांब्या पालथा घातला.

“बरं, येतो मग.”

“या,” मी म्हटलं.