गणपतीवाले काका

पत्रक लिहिताना आमच्या मैत्रिणींच्या गटाचा एक नियम होता: खरं उदाहरण द्यायचं. नुसतं 'अनेक रुग्ण' असं लिहिलं की लोक त्या कागदावर भजी ठेवतात.

डोंबिवलीत नशा सोडवणाऱ्या औषधांवरच्या एका अभ्यासासाठी मी मुलाखती घेत होते. त्यात मानपाड्याचे एक रिक्षावाले काका होते. पूर्वी सुई टोचून घ्यायचे. आता रोज सकाळी सरकारी केंद्रावर यायचं, गोळी जिभेखाली विरघळू द्यायची आणि मग शाळेची पोरं सोडायची. संमतीपत्रावर सही करताना त्यांनी विचारलं, "नाव कुठे येणार नाय ना, ताई?"

"नाही हो काका. शब्द देते."

त्याच सुमारास आजूबाजूच्या सोसायट्यांनी बोंब मारली, केंद्र हटवा. "गर्दुल्ल्यांना सरकार फुकट नशा वाटतंय!" माझं डोकंच फिरलं. एका दमात पत्रक लिहिलं. 'ज्यांना तुम्ही गर्दुल्ले म्हणता, त्यांच्यातलाच एक रोज तुमची मुलं सुखरूप शाळेत सोडतो. निळे पडदे, मागे गणपती रंगवलेली त्याची रिक्षा तुमच्याच गेटवर उभी असते.' नाव टाकलं नाही. हे वाक्य मी मैत्रिणींना दोनदा वाचून दाखवलं. मग प्रत्येक बिल्डिंगच्या लिफ्टपाशी पत्रक चिकटवलं.

सोमवारी त्या रिक्षात एकही पोर बसलं नाही.

कळल्यावर मी स्टँडवर गेले. काका रिकामी सीट पुसत होते.

"काका, नाव नव्हतं हो टाकलं मी."

"नाव कोणाला ठाऊक होतं माझं? पोरं गणपतीवाले काकाच म्हणायची." फडकं झटकून म्हणाले, "केंद्रावर पण येणार नाय आता. कोणी बघितलं तर स्टँडवरूनही हाकलतील."

गोळी मध्येच बंद झाली की माणूस पुन्हा सुईकडे जाऊ शकतो, हे मीच त्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. "घरी आणून देऊ का?" विचारलं. केंद्र गोळी बाहेर नेऊ देत नाही, हेही मला माहीत होतं. ते पुन्हा सीट पुसायला लागले.

संध्याकाळी पत्रकं काढायला गेले. चौथ्या बिल्डिंगमध्ये एक बाई लिफ्टमधून बाहेर आल्या.

"अगं, फाडतेस कशाला? बरं झालं तुम्ही लोकांनी सांगितलंत. आम्हाला कुठे माहीत होतं!"

मी नखाने कोपरा खरवडत राहिले. निघेना. खळ मीच शिजवली होती, चांगली घट्ट.