ह्यांची जेट बोट आणि दोन पाट्या

आज हे गेले, आणि मला रडू येत नाहीये. नुसती झोप येतेय.

अंथरुणाला खिळलेला माणूस दोन वर्षं सांभाळला की असंच होत असेल. उद्यापासून लोक भेटायला येतील तेव्हा बोलायला त्राण नसेल.
म्हणून आत्ताच लिहिते.

तुमच्यापैकी बरेच जण ह्यांना टीव्हीसमोर बसलेला रिटायर्ड, चिडका माणूस म्हणूनच ओळखता.

ऐंशीच्या दशकात ह्यांच्याकडे जेट बोट होती.

आमचं गाव रत्नागिरीपासून जवळच, समुद्रकाठी. पण रस्ता असून नसल्यासारखा. पेशंटला डोलीत घालून एसटीच्या फाट्यापर्यंत चालत न्यायचं.
ह्यांची आई त्या डोलीतच गेली.

हे तेव्हा जहाजावर इंजिन फिटर. नोकरी सोडली आणि मुंबईहून एक जुनी फायबरची जेट बोट घेऊन आले. तिला खाली पंखा नसतो. पोटातला पंप पाणी ओढतो आणि मागून जोरात फेकतो. त्यामुळे आमच्या उथळ खाडीतही ती चालायची, जाळ्यात अडकायची नाही.

एकच खोट. स्पीड घेतला की नाक आभाळात!

ट्रायलला पेशंट म्हणून मला गादीवर झोपवलं. मी घसरत थेट मागे इंजिनच्या पेटीला जाऊन आदळले.

"अहो, धडधाकट माणूस आजारी पडेल ह्यात!"

हे हसले नाहीत. "पेशंट आडवा राहिला पाहिजे," एवढंच म्हणाले.

मग रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोट किनाऱ्यावर ओढून घेतली आणि ट्रिम टॅब बसवले. म्हणजे सुपाएवढ्या दोन स्टीलच्या पाट्या. बोटीच्या मागच्या बाजूला, तळाशी, बिजागरीवर. पाण्याच्या झोताच्या एक इकडे, एक तिकडे. झोताच्या आड येऊ नयेत म्हणून हे खडूने खुणा करायचे, पुसायचे, परत करायचे. भोकं पाडताना तर चेहरा असा, जणू बोटीला दुखतंय.

आत दोन हँडल. पाट्या खाली दाबल्या की मागची बाजू उचलायची, नाक खाली यायचं. बोट डावीकडे कलली तर डावी पाटी जरा जास्त खाली.

परत मला झोपवलं. या वेळी घसरले नाही.

पावसाळा संपत आला होता, समुद्र अजून खवळलेलाच. मोहल्ल्यातल्या हमीदाला कळा लागल्या. मूल आडवं. सुईणीने हात टेकले.

"तू चल. बाईमाणूस हवं बरोबर," हे मला म्हणाले.

रत्नागिरीच्या बंदराच्या तोंडापर्यंत हमीदा सपाट निजून आली. तिथे मागून मोठ्या लाटा. नाक खाली होतं, ते सरळ पुढच्या लाटेत घुसलं. भसकन पाणी आत, हमीदाच्या अंगावर.

"पाट्या वर घेतोय! धर गो तिला!"

जिला आडवं ठेवायला पाट्या खाली दाबल्या, तिलाच वाचवायला त्या वर घ्याव्या लागल्या.

नाक उचललं. हमीदा घसरली. मी इंजिनच्या पेटीला पाठ लावली, पाय रोवले आणि तिला छातीशी धरलं.

"वैनी, सोडू नको गो."

"नाय सोडत."

धक्क्याला लागेपर्यंत नाही सोडलं.

हॉस्पिटलात मुलगी झाली. दोघी वाचल्या.

माझी पाठ मात्र तेव्हा गेली ती गेलीच. "परत मला बोलवू नका," मी ह्यांना सांगितलं. हे बरं म्हणाले.
पुढच्या वेळी परत बोलावलं. मीही गेले. कितीदा गेले, आता आठवत नाही.

या माणसाने मला फार दमवलं.

पुढे रस्ता झाला, ॲम्ब्युलन्स आली. बोट माडाखाली पडून राहिली, पंपात वाळू भरली. मला वाटलं, ह्यांना वाईट वाटेल.
"रस्ता झाला ना? मग झालं तर," म्हणाले.
वाईट मलाच वाटलं.

घरातून निघताना हे नेहमी "येतो गो" म्हणायचे. "जातो" आपल्यात म्हणत नाहीत.

आज तुम्ही काहीच बोलला नाहीत.
असू दे.

सावकाश जा. माझा शेवटचा नमस्कार.