बूड नसलेलं जाळं

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझा काका बोटीवर खलाशी होता. एक अख्खा हिवाळा त्याची बोट युरोपच्या बंदरांतून फिरली, आणि तिथे तेव्हा देशोदेशींच्या क्लबांची बास्केटबॉलची स्पर्धा चालू होती. एकदा हे त्यांच्याकडे जाऊन खेळत, एकदा ते यांच्याकडे येत, आणि दोन्ही सामन्यांचे गुण एकत्र करून ठरे, पुढे कोण जाणार. सुट्टीवर घरी आल्यावर रोज संध्याकाळी ओटीवर काकाची तीच एक गजाल.

नुसतं ऐकून माझं भागेना. मग काकाने माडाला लोखंडी कडं ठोकलं आणि शेजारच्या, मासे धरणाऱ्या म्हाताऱ्या रापणकाराकडून त्याला जाळं विणून घेतलं. म्हाताऱ्याने ते सुबक विणलं, आणि खालून घट्ट शिवूनही दिलं. पहिलाच चेंडू आत बसून राहिला. काकाने हसत बूड कापून टाकलं, तसा म्हातारा तापला.

"बूड नाय तर आत रवतला काय?"

"काय रवाक नको. चेंडू आरपार गेलो, तां लोकांका दिसाक ह्यां जाळां."

म्हाताऱ्याला ते पटलं नाही. मलाही नाही. पण मला भलतंच जाणून घ्यायचं होतं.

"काका, मगे शेवटाक कप कोणाक गावलो?"

"शेवटची म्याच होवच्या आदीच आमची बोट सुटली गो."

म्हाताऱ्याने खाली पडलेला जाळ्याचा तुकडा उचलून काकाच्या हातात ठेवला.

"घे. ह्यां बूड तुझ्या गजालीक लाव."